हर्मीस, मर्क्युरी आणि तगरची पेठ

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर आज आपल्याला ठाऊक असते ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. त्यापूर्वी हजार-बाराशे वर्षे हेच गाव 'तगर' या नावाने समुद्रापलीकडे माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हा प्रवासग्रंथ लिहिला. भरुकच्छाहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. तगरचे साधे कापड आणि नाना प्रकारची तलम वस्त्रे गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भरुकच्छाच्या बंदरात येत, अशीही नोंद त्याने केली आहे. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे पुढे शतकानुशतके 'तगरपुरवराधीश्वर' ही बिरुदावली मिरवत राहिले. तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर बराच काळ तर्कवितर्क झाले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच होय असे दाखवून दिले आणि पुढील उत्खननांनी त्याला दुजोरा दिला.

या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला इटलीतील पोंपेई आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगरात, तिथल्या मुख्य रस्त्यावरील एका घरात, १९३८ साली भारतीय बनावटीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. प्रारंभी तिचे नाते मथुरेशी जोडले गेले. पुढे तेर आणि भोकरदन येथे तिच्याच कुळातील हस्तिदंती मूर्ती उजेडात आल्यावर तिचे माहेर सातवाहनांच्या मुलखात असावे, हे मत बळावले. तेरची मूर्ती आज तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे, तर पोंपेईची नेपल्सच्या संग्रहालयात.

पोंपेईच्या त्याच रस्त्यावर व्हेरेकुंडस नावाच्या कापड-व्यावसायिकाचे दुकान होते. त्याच्या दर्शनी भिंतीवर दोन चित्रे आहेत. एकात चार हत्तींच्या रथात उभी असलेली व्हीनस; दुसऱ्यात हातात पैशांची थैली घेऊन देवळातून बाहेर पडणारा मर्क्युरी. देव देवळाची पायरी उतरून दुकानाच्या दारात येतो आहे आणि त्याच्या हाती कमळ वा शस्त्र नसून रोकड आहे. ज्या रस्त्यावर दख्खनचे हस्तिदंत पोहोचले, त्याच रस्त्यावर हा थैलीवाला देव उभा होता. माल इकडून तिकडे गेला. मग हा देव तिकडून इकडे आला का? आला असेल तर कोणत्या रूपात, आणि नसेल तर का नाही? प्रस्तुत लेखात हा प्रश्न मांडावयाचा आहे. त्यासाठी आधी मर्क्युरीचा ग्रीक पूर्वज हर्मीस पाहावा लागेल. कारण 'ग्रीकांचा हर्मीस तोच रोमनांचा मर्क्युरी' हे पाठ्यपुस्तकी समीकरण जितके सोयीचे आहे तितकेच फसवे आहे.

हर्मीस : चोरीतून मिळालेले देवपण

होमरच्या नावावर असलेल्या स्तोत्रांपैकी एक मोठे स्तोत्र हर्मीसच्या जन्माचे आहे. पहाटे तो किल्लीनी पर्वतातील गुहेत जन्मतो, दुपारी कासवाच्या पाठीला तारा लावून वीणा घडवून वाजवतो आणि त्याच संध्याकाळी वडील भाऊ अपोलो याच्या पन्नास गाई चोरतो. गाई उलट्या पावलांनी हाकतो, स्वतःच्या पायांत डहाळ्यांची विचित्र पादत्राणे घालतो आणि पहाटे पुन्हा पाळण्यात येऊन निरागसपणे पडून राहतो. अपोलो त्याला झ्यूसपुढे उभा करतो, तेव्हा 'मी गाई घरी नेल्या नाहीत, उंबरा ओलांडला नाही' असे तो शब्दशः खरे आणि अर्थाने साफ खोटे निवेदन करतो. झ्यूस मोठ्याने हसतो. शेवटी हर्मीस वीणा अपोलोला देतो, अपोलो गाई त्याच्याकडे सोपवतो आणि दोघांत सख्य होते.

ही बालकथा वाटली तरी तिच्या पोटात एक कठोर प्रश्न आहे. हर्मीस हा झ्यूसचा पुत्र खरा. परंतु तो आडबाजूच्या गुहेत, आडबाजूच्या आईच्या पोटी जन्मलेला आहे. देवसभेत त्याला कोणी बोलावलेले नाही. ज्याला वाटा मिळालेला नाही, त्याने तो कसा मिळवायचा? स्तोत्राचे उत्तर असे की, आधी चोरायचे, मग त्या चोरीचे देवाणघेवाणीत रूपांतर करायचे. चोरी ही एकतर्फी देवघेव आहे. तिला दुसरी बाजू मिळाली की व्यापार सुरू होतो. हर्मीस चोरांचाही देव आहे आणि व्यापाऱ्यांचाही, यातील कोडे असे सुटते.

निरोप नेण्याचे कामही याच स्वभावातून येते. हर्मीस मुळात सीमेचा देव. वाटेच्या कडेला असणारे दगडांचे ढीग, घरांपुढचे आणि चौकांतले चौकोनी स्तंभ ही त्याची स्थाने होती. इ. स. पू. ४१५ मध्ये सिसिलीच्या मोहिमेपूर्वी एका रात्रीत अथेन्समधील असे स्तंभ विद्रूप केले गेले, तेव्हा सारे नगर हादरले. जो सीमेवर उभा असतो तोच ती ओलांडू शकतो. 'इलियड'च्या अखेरीस तो वृद्ध प्रायमला शत्रूच्या छावणीतून अकिलीसच्या तंबूपर्यंत सुखरूप नेतो. 'ओडिसी'च्या अखेरच्या सर्गात मृतात्म्यांना पाताळात घेऊन जातो. जिवंत आणि मृत, मित्र आणि शत्रू, देव आणि माणूस या साऱ्यांमधील उंबरा त्याचा आहे.

प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटिस हर्मीसच्या नावाची व्युत्पत्ती सांगतो : अर्थ लावणारा दुभाषा, निरोप्या, चोर, बोलण्यात फसवणारा आणि सौदा करणारा; आणि ही सारी वाणीचीच कामे आहेत. आधुनिक भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मानत नाही. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने तिच्यापाशी थांबावे. निरोप पोचवणारा, अर्थ लावणारा आणि फसवणारा या तिघांच्या हाती एकच साधन आहे, ही जाण त्या व्युत्पत्तीत आहे. अर्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना त्यात काहीतरी चोरले जातेच. अनुवाद करणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

मर्क्युरी : परवाना मिळालेला चतुर

रोमनांच्या मर्क्युरीचे नाव 'मर्क्स' म्हणजे विक्रीचा माल या शब्दाशी जोडले जाते. हर्मीसचे नाते वाटेशी, मर्क्युरीचे बाजाराशी. इ. स. पू. ४९५ मध्ये त्याच्या पहिल्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. लिव्ही या इतिहासकाराने सांगितलेला प्रसंग बोलका आहे. तो काळ कर्जबाजारी सामान्यजन आणि उमराव यांच्यातील तीव्र संघर्षाचा. मंदिराची प्रतिष्ठापना करणाऱ्याकडे धान्यपुरवठ्याची व्यवस्था आणि व्यापाऱ्यांचा संघ स्थापण्याचे काम येणार होते. दोन्ही कॉन्सल या मानासाठी भांडत होते. निर्णय लोकांवर सोपवला गेला, तेव्हा लोकांनी दोघांनाही डावलून मार्कस लीटोरियस नावाच्या एका सैनिकी अधिकाऱ्याला तो मान दिला. मंदिर उभे राहिले तेही नगराच्या पवित्र सीमेबाहेर, ॲव्हेंटाइन टेकडीच्या बाजूला.

म्हणजे मर्क्युरी रोममध्ये आला तोच धान्य, कर्ज आणि व्यापार यांच्या गदारोळात, आणि तोही वेशीबाहेर. उमराव वर्गाला व्यापाराचा पैसा हवा होता, व्यापाऱ्याची प्रतिष्ठा मात्र नको होती. इ. स. पू. २१८ च्या कायद्याने सिनेटरांना मोठी मालवाहू जहाजे बाळगण्यास मनाई झाली, ती याच वृत्तीतून.

ओव्हिडने 'फास्टी' या काव्यात १५ मे रोजीच्या मर्क्युरीच्या उत्सवाचे वर्णन केले आहे. त्या दिवशी व्यापारी मर्क्युरीच्या झऱ्याचे पाणी आणतो, लॉरेलच्या डहाळीने ते आपल्या मालावर आणि मस्तकावर शिंपडतो, आणि प्रार्थना करतो. आजवर घेतलेल्या खोट्या शपथा धुऊन जाव्यात, उद्याच्याही खोट्या शपथांकडे देवांनी लक्ष देऊ नये, नफा मिळावा आणि गिऱ्हाइकाला फसवल्याचा आनंदही लाभावा, असे त्याचे मागणे असते. हे ऐकून मर्क्युरी वरून हसतो; त्याला अपोलोच्या चोरलेल्या गाई आठवतात.

हे हसू आणि स्तोत्रातले झ्यूसचे हसू शेजारी ठेवून पाहावे. तिकडे बाप हसतो तो पोराच्या चातुर्यावर, आणि लगेच गाई परत करावयास सांगतो. इकडे देव स्वतःच हसतो आणि परत करण्याचा प्रश्नच निघत नाही. ग्रीक कथेत चोरीतून देवघेव जन्मते. रोमन विधीत देवघेवीच्या पोटात चोरी टिकून आहे आणि वर्षातून एकदा ती धुऊन काढण्याची सोय झाली आहे. ओव्हिडचा उपरोध तीक्ष्ण आहे, पण तो ज्यावर बोट ठेवतो ती व्यवस्था खरी होती. प्लॉटसच्या 'ॲम्फिट्रिऑन' नाटकातही प्रवेशकालाच मर्क्युरी प्रेक्षकांशी सौदा करतो : धंद्यात बरकत हवी असेल तर नाटक शांतपणे ऐका. पुढे सोसिया या गुलामाचे रूप घेऊन तो त्याच्याच तोंडावर त्याची ओळख हिरावून घेतो. चोरी आता गाईंची राहिलेली नाही. ती 'मी'ची झाली आहे, आणि बळी गुलाम आहे.

महाकाव्यातील फरक तर विद्यार्थ्यांनी मुळातून पडताळावा असा आहे. 'ओडिसी'च्या पाचव्या सर्गात हर्मीस कॅलिप्सोकडे ओडिसियसच्या सुटकेचा आदेश घेऊन जातो. आल्यावर तो कुरकुरतो : एवढा अफाट खारा समुद्र कोण हौसेने ओलांडील? वाटेत देवांना हवि देणारे एक गावही नाही! 'ईनिड'च्या चौथ्या सर्गात व्हर्जिलने हाच प्रसंग समोर ठेवून मर्क्युरीला कार्थेजला पाठवले आहे. पण तिथे कुरकुर नाही, विनोद नाही. डायडोच्या नगराची उभारणी करण्यात रमलेल्या ईनिअसला तो कर्तव्याची कठोर जाणीव देतो आणि दिसेनासा होतो. हर्मीसच्या निरोपाने एक माणूस घरी परततो. मर्क्युरीच्या निरोपाने एक स्त्री चितेवर चढते आणि एका साम्राज्याची वाट मोकळी होते. दूत आता सत्तेचा अधिकारी झाला आहे. चतुराई पेठेला मिळाली, गांभीर्य राज्याला. हर्मीसमधील एकसंध व्यक्तिमत्त्व रोमने असे दोन खात्यांत वाटून टाकले.

आपल्याकडे : एका देवाचे अनेक वाटेकरी

एकोणिसाव्या शतकातील तौलनिक दैवतशास्त्राने हर्मीसला थेट वेदांत शोधले होते. आडालबर्ट कून आणि मॅक्स म्युलर यांनी 'सारमेय' आणि 'हर्मीस' हे शब्द एकच मानले. ध्वनिनियमांपुढे ते समीकरण टिकले नाही. तरी कथांमधील साम्य खरोखर चकित करणारे आहे. सरमा ही इंद्राची दूती. पणींनी दडवलेल्या गाईंच्या शोधात ती जाते. 'बृहद्देवते'त तर ती पणींकडचे दूध पिते आणि इंद्राशी खोटे बोलते. गाई, चोरी, दूत आणि असत्य ही सारी सामग्री इथे आहे. परंतु चोर एका बाजूला आणि दूत दुसऱ्या बाजूला आहे. वाटांचा रक्षक, हरवलेली गुरे शोधणारा, मृतांना पुढे नेणारा वैदिक पूषन् हर्मीसच्या अधिक जवळचा. पण तो लबाड नाही.

पुढील परंपरेतही हीच वाटणी दिसते. तान्हेपणी चोरी करून सर्वांना हसवणारा देव आपल्याकडे आहे. तो लोणी चोरणारा कृष्ण. पण तो निरोप्या नव्हे. हाती वीणा घेऊन तिन्ही लोकांत संचार करणारा निरोप्याही आहे, तो नारद. पण तो चोर नव्हे, आणि विशेष म्हणजे तो खोटेही बोलत नाही. भागवतात कृष्ण हा देवकीचाच पुत्र आहे हे कंसाला सांगतो तो नारदच. हर्मीस खोटे अशा रीतीने सांगतो की ते खरे वाटावे. नारद खरे अशा वेळी सांगतो की त्यातून आग लागावी. 'कळीचा नारद' हा मराठी वाक्प्रचार या जाणिवेतून आला आहे. आणि त्याच नारदाच्या नावाने कीर्तनकाराच्या स्थानाला आपण 'नारदाची गादी' म्हणतो, हेही विसरता येत नाही. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त तो रंगभूमीवर वावरतो तेव्हा प्रेक्षक हसतो, पण त्याच्यावर अविश्वास दाखवीत नाही.

सातवाहनांच्या काळाकडे, म्हणजे तगरच्या भरभराटीच्या काळाकडे वळले तर लबाड दूत सापडतो तो देवांमध्ये नव्हे, माणसांमध्ये. हालाच्या 'गाथासप्तशती'तील आणि नंतरच्या शृंगारकाव्यातील दूती नायिकेचा निरोप घेऊन जाते, आणि कधी कधी स्वतःच नायकाला भेटून परतते. नायिका तिच्या विस्कटलेल्या रूपाकडे पाहून जे बोलते त्यात आरोप असतो, पण तो सरळ नसतो. निरोप नेणारा निरोपाचा माल वाटेतच लंपास करतो, हा हर्मीसचाच विषय. महाराष्ट्री प्राकृताने तो गावातल्या बाईच्या तोंडी दिला.

यवन कोणाच्या दारी गेले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तगर-भरुकच्छ व्यापाराच्या काळात या भागात यवन आले, राहिले आणि त्यांनी दानेही दिली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनी दिले असल्याचे लेख आहेत. जुन्नरला इरिल, चिट आणि चंद या यवनांची दाने कोरलेली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत दत्तामित्रीच्या इंद्राग्निदत्त या योनकाचे लेणे आहे. म्हणजे या यवनांचे पुण्य जमा होत होते ते बौद्ध संघाच्या खाती. घाटवाटांवरील मुक्काम, पाणी आणि विश्वास या व्यापाऱ्याच्या तिन्ही गरजा विहार भागवत होते. तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिरही मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. दा. ध. कोसंबींनी दाखवल्याप्रमाणे दख्खनच्या जुन्या वाटांवर आणि तिठ्यांवर मातृदेवता आधीपासूनच ठाण मांडून होत्या. वाटेवरची जागा भरलेली होती. त्यामुळे वाटेच्या परक्या देवाची उणीव भासण्याचे कारण नव्हते.

नीतीची चौकटही वेगळी होती. जातककथांतील 'सेरिवाणिज जातका'त दोन फेरीवाले आहेत. एक जण गरीब आजी-नातीचे सोन्याचे ताट कवडीमोलाचे म्हणून टाकून देतो, पुन्हा येऊन ते फुकटात लाटण्याच्या बेताने. दुसरा त्याची खरी किंमत सांगून हातातले सारे देऊन टाकतो. पहिल्याचा हृदय फुटून अंत होतो. रोमन झऱ्याकाठी फसवणूक धुऊन निघते, जातकात ती माणसाला मारते. याचा अर्थ इकडचे व्यापारी प्रामाणिक होते आणि तिकडचे अप्रामाणिक, असा मुळीच नाही. कथा सांगावी लागली यातच लबाडी नित्याची होती हे आले. फरक एवढाच की, तिकडे लबाडीला एक हसरे दैवत होते, इकडे तिच्यापुढे कर्मफळाचा हिशेब होता.

वस्तू मात्र आल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. प्लिनीच्या तक्रारीप्रमाणे भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेत होता. तेरला रोमन नाण्यांच्या मातीतील प्रतिकृती मिळाल्या आहेत. त्या दागिन्याप्रमाणे गळ्यात घातल्या जात. सम्राटाचा मुखवटा आला, त्याचा हुकूम आला नाही; नाण्याचे मूल्य गळून पडले आणि आकार तेवढा उरला.

बुधवार

पण एका वाटेने हर्मीस खरोखरच आला, आणि तो आजही आपल्या घरात आहे. ती वाट ज्योतिषाची. ग्रीक फलज्योतिष संस्कृतात उतरले ते 'यवनजातका'सारख्या ग्रंथांतून. होरा, केंद्र, लिप्ता हे शब्द मूळचे ग्रीक. सहाव्या शतकातील वराहमिहिर 'बृहज्जातका'त ग्रहांची पर्यायी नावे देतो, त्यांत सूर्याचे हेलि, मंगळाचे आर, शनीचे कोण, शुक्राचे आस्फुजित आणि बुधाचे 'हेम्न' आहे. हेलिओस, आरीस, क्रोनॉस, ॲफ्रोडायटी आणि हर्मीस ही त्यांची मूळ नावे ओळखणे अवघड नाही. वाणी, लेखन, हिशेब, व्यापार हे बुधाचे कारकत्व हर्मीस-मर्क्युरीचेच आहे. टॉलेमी या ग्रहाला स्त्री-पुरुष दोन्ही प्रकृतींचा मानतो. वराहमिहिर बुधाची गणना नपुंसक ग्रहांत करतो. पुराणातील बुधाचा जन्मही चंद्राने केलेल्या तारेच्या अपहरणातून झालेला आहे. चोरी इथेही आहे. फक्त ती बापाने केली आहे, आणि मुलाच्या वाट्याला केवळ बुद्धी आली आहे.

सात वारांचा आठवडाही याच देवघेवीतून आला. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख इ. स. ४८४ चा, एरणचा. रोमनांचा मर्क्युरीचा दिवस तोच आपला बुधवार. टॅसिटस सांगतो की, जर्मन लोक मर्क्युरीलाच सर्वाधिक भजतात. तो त्यांचा वोडन, आणि इंग्रजी वेन्सडे त्याचाच दिवस. एका दिवसावर तीन संस्कृतींनी आपापले देव बसवले.

दैवतांचा प्रवास दोन रीतींनी होतो, असे यावरून दिसते. मूर्ती आणि नाणी येतात तेव्हा रूप पोचते, अर्थ वाटेत गळतो. शास्त्र येते तेव्हा नाव आणि कथा गळतात, पण अर्थ पोचतो. पहिली गोष्ट उत्खननात सापडते, दुसरी सापडत नाही. ती शब्दांत शोधावी लागते, आणि म्हणून ती इतिहासाच्या अभ्यासकाइतकीच साहित्याच्या अभ्यासकाची जबाबदारी आहे. तेरच्या संग्रहालयात हर्मीस शोधणारा रिकाम्या हाताने परतेल. गावातील पंचांग उघडणाऱ्याला मात्र तो दर आठवड्याला, नाव बदलून, चोरीचा मागमूसही न ठेवता भेटेल. माग पुसून टाकणे हे तर त्याचे जन्मापासूनचे कौशल्य होते.